आपांची दस्ती

आमच्या घरात माझं तोंड हा कायमचा चेष्टेचा विषय होता. वडील नांदेडच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. वर्गभर पोरांची बडबड ऐकून ते संध्याकाळी घरी यायचे आणि दारात चप्पल काढेपर्यंत माझी सुरू व्हायची. हिच्या तोंडाला कुणीतरी जाळी बसवा, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. मी नववीत गेले त्या वर्षी त्यांची इच्छा पुरी झाली. माझ्या तोंडावर खरोखरची लोखंडी जाळी बसली, आणि ती बसवली आपांनी.

आपा म्हणजे आमच्या बेसबॉलच्या कोच. नांदेडच्या जुन्या वस्तीत, मशिदीमागच्या गल्लीत त्यांचं घर. तरुणपणी त्या बेसबॉल खेळण्याचाच पगार घेत होत्या, म्हणजे एका सरकारी खात्यानं त्यांना खेळाडू म्हणून नोकरीला ठेवलं होतं. पुढं खेळ सुटला आणि त्या बदली घेऊन गावी आल्या. दिवसा टेबलावर फायली बघायच्या आणि सकाळ-संध्याकाळ आम्हा पोरींना शिकवायच्या. जिल्ह्याच्या मुलींच्या संघाच्या त्या कोचही होत्या आणि मॅनेजरही. कुणी कुठल्या बेसवर उभं राहायचं हे त्या ठरवायच्या, आणि गाडीत कुणाला उलटी होते, म्हणून खिडकीशी कोण बसणार, हेही त्याच ठरवायच्या. आम्ही, आमच्या आया, मैदानाबाहेरचा पंक्चरवाला, सगळेच त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणत.

आमच्या शाळेत आपा मुली निवडायला आल्या तेव्हा मी निवडीला उभीसुद्धा नव्हते. पळण्यात मी शेवटची, फेकण्यात त्याहून वाईट. मी आपली कंपाउंडच्या भिंतीवर बसून प्रत्येकीला तिचं काय चुकतंय ते मोठ्यानं सांगत होते. आपांनी जरा वेळ ऐकून घेतलं आणि मला खाली बोलावलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर त्यांनी कॅचरचा, म्हणजे बॅटरच्या मागं बसून बॉल धरणारीचा, मोठा हातमोजा माझ्या हातात दिला. बाकीच्या सगळ्या खेळाडूंची तोंडं एकीकडे असतात आणि कॅचरचं दुसरीकडे, तिला अख्खं मैदान दिसतं, आणि दिसलेलं बोलून दाखवणारी पोरगीच तिथं लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे ज्या गुणाबद्दल मी जन्मभर बोलणी खाल्ली त्याच गुणावर माझी निवड झाली. मला त्या बाई त्याच क्षणी आवडल्या.

आई मात्र घाबरली. बॉल तोंडावर बसला, दात पडले, तर पोरीला कोण करून घेणार, हा तिचा प्रश्न. आपा घरी आल्या, चहा घेतला आणि पिशवीतून कॅचरची जाळी काढून त्यांनी ती सरळ आईच्या डोक्यावर चढवली. मग बॉल आईच्याच हातात देऊन म्हणाल्या, मारून घ्या, वहिनी, आपल्याच हातानं. आईनं आधी हळू, मग जोरात मारून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात जाळी घालून उभी असलेली आई बघून वडील एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर माझ्या खेळण्यावर घरात चर्चा झाली नाही.

आमच्याकडं सामान म्हणावं तर काही नव्हतं. बेस म्हणजे सोयाबीनच्या पोत्यांत भुसा भरून शिवलेल्या गाद्या. होम प्लेट पंक्चरवाल्यानं जुन्या टायरातून कापून दिलेली. क्रिकेटवाली पोरं जाता-येता आम्हाला विचारायची, विटीदांडूतली विटी कुठं गेली म्हणून. मी त्यांना काय उत्तर द्यायचे ते इथं लिहिण्याजोगं नाही. आपा तिकडं बघायच्याही नाहीत. त्यांना आमच्यातल्या प्रत्येकीच्या कोपराचा कोन लांबून दिसायचा, पण मैदानाबाहेर कोण काय म्हणतंय ते दिसायचं नाही.

त्यांचं सगळं आयुष्य आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळलं, बहुतेक सरावानंतर बेसच्या पोत्यांवर बसून पाणी पिताना. त्यांचे वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते. कंधार, नायगाव, भोकर, ज्या गावचा बाजार असेल तिथं पहाटे टेम्पोतून जायचं आणि बैलांचे सौदे जुळवून द्यायचे. आपा थोरल्या. लहान असेपर्यंत वडिलांबरोबर सगळीकडं जायच्या. सुटलेल्या जनावराला अचूक ढेकूळ मारून वळवायचं काम त्यांच्याकडं असायचं. हात तिथंच तयार झाला, असं त्या हसत सांगायच्या. मोठ्या झाल्या तसं बाजारात जाणं बंद झालं. त्याच सुमाराला शाळेतल्या खेळाच्या बाईंनी हातात बॉल दिला, आणि दोन वर्षांत ही मुलगी राज्याच्या संघात. वयात आलेली पोरगी पँट घालून मैदानावर पळते, हे गल्लीतल्या चार लोकांना खटकलं. वडिलांनी त्यांना सांगितलं म्हणे की बाजारात माझ्यासोबत होती तेव्हा कुणी बोललं नाही, आता ती माझ्याशिवाय उभी राहते तर बोलून राहिले.

पुढं खात्याच्या संघात त्या पिचर झाल्या. बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे बॉल टाकणारी, आणि सामन्याचं सगळं ओझं तिच्याच खांद्यावर. आपा देशभर फिरल्या. ज्या गावांची नावं आम्ही फक्त नकाशात वाचली होती तिथं त्या खेळून आल्या होत्या आणि तिथल्या डाळीला चव नसते एवढंच सांगायच्या. घरी एका कपाटात मेडल्स होती. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, ते आलेल्या माणसाला कौतुकानं ती दाखवायचे आणि वर म्हणायचे, एवढी घड्याळं दुरुस्त केली पण ही बाई कधी वेळेवर घरी आली नाही.

खेळ सुटला तो खांद्यानं. एका मोठ्या स्पर्धेत त्यांच्या मॅनेजर साहेबांनी त्यांना लागोपाठ सामन्यांत बॉल टाकायला लावलं. प्रत्येक वेळी सगळ्या संघासमोर विचारायचे, हात कसा आहे? आणि प्रत्येक वेळी आपा म्हणायच्या, ठीक आहे. शेवटच्या सामन्यात बॉल सुटला आणि खांद्याच्या आत काहीतरी तुटलं. आम्ही त्यांना बघितलं तेव्हा त्यांचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. केस डाव्या हातानं विंचरायच्या. आम्हाला बॉल कसा टाकायचा ते त्या कधी करून दाखवू शकल्या नाहीत, सगळं बोलून आणि आमचा हात धरून वळवून शिकवलं. तरी त्यांच्याइतकं चांगलं मला आजवर कुणी काही शिकवलेलं नाही. मी स्वतः शिक्षिका आहे, म्हणून हे जबाबदारीनं म्हणते.

"मला चारचौघांत विचारलं," त्या एकदा म्हणाल्या, "चारचौघांत कोण म्हणंल गं, दुखून राहिलंय म्हणून?"

म्हणून त्यांनी दस्ती आणली. आमच्याकडं रुमालाला दस्ती म्हणतात. आपांची दस्ती मोठी, चौकड्यांची, सुती. वडिलांची होती, बाजारात त्यांच्या खांद्यावर असायची तीच. जनावरांच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दस्ती टाकायची आणि खाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा. बाजूला सख्खा भाऊ उभा असला तरी त्याला कळत नाही. तोंडानं माणूस बढाई मारतो, बोटानं मारत नाही, असं आपांचे वडील म्हणायचे. आणि दस्तीखालची गोष्ट जो बाहेर सांगेल त्याच्याशी पुन्हा कुणी सौदा करत नाही.

सामना चालू असताना आपांना पिचरच्या हाताची शंका आली की त्या अंपायरकडं वेळ मागायच्या, चालत पिचरपाशी जायच्या आणि दोघींच्या हातांवर दस्ती टाकायच्या. खाली पिचरनं आपांचा अख्खा पंजा धरला, तर हात ठणठणीत. दोन बोटं धरली, तर दुखतोय पण ओढीन. आणि नुसती करंगळी धरली, तर संपलं, मला काढा. एवढीच भाषा. त्या वेळी बाकी सगळ्यांनी लांब राहायचं, कॅचरनंसुद्धा. खरं तर कॅचर आणि पिचर म्हणजे एका गाडीची दोन चाकं, म्हणून मला याचा भयंकर राग यायचा. एकदा कंधारला मैत्रीचा सामना होता. दस्ती उठल्यावर मी पिचरला हळूच विचारलंच, किती बोटं? आपांच्या कानांनी ते टिपलं. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तुझं काम बॉल धरायचं. दस्ती तुझी न्हाई." आणि उरलेला सामना मला बाकावर बसवलं. तिथून मी मैदानात जोरजोरानं सूचना देत राहिले, ते त्यांनी चालू दिलं.

आमची पिचर भोकरकडची. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. उंच, सावळी, कमी बोलणारी पोरगी; माझ्या अगदी उलट, म्हणून आमचं फार जमायचं. मी दिवसभर बोलायचे आणि ती मधून मधून "हाव" म्हणायची. नांदेडला होस्टेलवर राहायची आणि रविवारी आमच्याकडं जेवायला यायची. तिचा बॉल हातमोज्यात बसला की तळहाताला असा चटका बसायचा की रात्री भाकरी थापताना हात दुखायचा. तो चटका मला आवडायचा. तिला काय पाहिजे ते तिनं एकदाच सांगितलं होतं: आपांसारखी नोकरी. खेळायचं आणि त्याचा पगार घ्यायचा.

आम्ही बारावीत असताना तिच्या वडिलांनी सांगून टाकलं की या वर्षी राज्याच्या संघात नाव आलं तर खेळ, नाही तर पुरे, स्थळ बघायला लागतो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ते आपांच्या घरी येऊन, समोर बसून सांगितलं, आणि आपांनी ते ऐकून घेतलं. राज्याच्या संघाची निवड लातूरच्या स्पर्धेतून होणार होती. निवड करणारे तिथं खुर्च्या टाकून बसणार होते.

आम्ही क्रूझर गाडीत कोंबून लातूरला गेलो. वाटेत अहमदपूरला चहा झाला. लातूरच्या मैदानामागं क्लासवाल्यांचे मोठमोठे फलक होते, पास झालेल्या पोरापोरींचे फोटो लावलेले. पिचर ते बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "आपला फोटो बी लागंल का गं असा?" मी म्हटलं, तुझा लागेल, माझा जाळीसकट लावावा लागेल. ती हसली. त्या दिवशी ती हसलेली मला आठवते ती तेवढीच.

सकाळी उपांत्य सामना झाला आणि तो तिनं एकटीनं ओढून आणला. दुपारी ऊन चढल्यावर लातूरच्या संघाशी अंतिम सामना. शेवटच्या इनिंगपर्यंत आम्ही एका धावेनं पुढं होतो. लातूरची पाळी होती, त्यांची एक बॅटर बाद झाली होती, दोन पोरी बेसवर होत्या, एक दुसऱ्यावर आणि एक तिसऱ्यावर. मैदानाबाहेर पिचरचे वडील पांढरी टोपी हातात घेऊन उभे. मांडवात निवड करणारे, शेजारी आमच्या जिल्हा संघटनेचे पदाधिकारी. आणि मला एक गोष्ट कळत होती जी त्यांच्यापैकी कुणालाच कळत नव्हती: तिचा बॉल माझ्या तळहाताला लागेनासा झाला होता. वेग दिसायला तोच, पण चटका गेला होता.

आपांनी वेळ मागितला. चालत गेल्या. खांद्यावरची दस्ती काढून दोघींच्या हातांवर टाकली. मी होम प्लेटपाशीच थांबले, जाळी वर करून. आपांची पाठ माझ्याकडं होती, पिचरचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग आपांनी दस्ती उचलली, तिच्या हातातून बॉल घेतला आणि पहिल्या बेसवरच्या नायगावच्या बुटक्या पोरीला बोलावलं.

आणि आमची ही कमी बोलणारी पोरगी ओरडली. "मला काहून काढून राहिले? माझा हात ठीक हाय! आपा, मी टाकते ना!" सगळ्या मैदानानं ऐकलं. आपांनी नुसता बाकाकडं हात केला. ती रडत, पाय आपटत गेली आणि बाकावर तोंड फिरवून बसली.

नायगावच्या पोरीनं एक बॅटर बाद केली. आणखी एक बाद झाली की तिसरी, आणि पाळी संपणार. आम्हाला वाटलं, निघालं. पुढच्या बॅटरनं बॉल दुसऱ्या बेसवालीच्या डोक्यावरून मारला, दोन्ही पोरी पळत होम प्लेटला आल्या, दोन धावा झाल्या, आणि लातूर जिंकलं. शेवटची पोरगी माझ्या अंगावर धडकूनच आत गेली. मी धुळीत पडल्या पडल्या ढोल ऐकला.

त्यानंतर आपांना जे ऐकून घ्यावं लागलं ते मी उभी राहून ऐकलं. पदाधिकारी म्हणाले, जिंकलेला डाव हातानं घालवला. पिचरचे वडील म्हणाले, या बाईनं माझ्या पोरीचं वाटोळं केलं. मांडवातले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, पोरीत दम आहे, कोचच घाबरली. हे ते आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. आपांनी दस्तीची घडी केली, ती खांद्यावर ठेवली आणि सगळ्यांना मिळून एकच वाक्य ऐकवलं. "निर्णय माझा व्हता."

बक्षीस समारंभात राज्याच्या शिबिरासाठी नावं पुकारली. आमच्या संघातून एकच नाव आलं, पिचरचं. तिच्या वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. पोरी तिच्या गळ्यात पडल्या आणि ती डाव्या हातानं त्यांच्या पाठीवर थोपटत राहिली.

परतीच्या गाडीत मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, शेवटी तुझा बॉल माझ्या हाताला लागत नव्हता. ती म्हणाली, गप बस. झालं, माझा हिशेब तिथंच पक्का झाला. दस्तीखाली हिनं आपांचा अख्खा पंजा धरला, खोटं बोलली, आपांनी ते ओळखलं आणि हिला वाचवलं. वर ही सगळ्यांसमोर आपांवर ओरडली आणि त्यांच्या पदरी बदनामी टाकून स्वतः शिबिराला निघाली. मी तिच्याशी बोलणं टाकलं. माझ्यासारखीनं कुणाशी न बोलणं म्हणजे काय, हे माझ्या घरच्यांना विचारा. वडिलांना तर मी आजारी आहे असं वाटलं.

पुढच्या हंगामाआधी संघटनेनं आपांचा सत्कार केला. सत्कार करून माणसाला घरी बसवायची आपल्याकडं चांगली रीत आहे. शाल दिली, नारळ दिला, भाषणं झाली आणि जिल्ह्याच्या संघाला नवे मॅनेजर नेमले. ज्या संघातली प्रत्येक पोरगी आपांनी भिंतीवरून, होस्टेलमधून, गिरणीतून शोधून आणली होती, तो संघ त्यांच्या हातून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेले तर आपा तिथं होत्याच, पाचवी-सहावीतल्या नव्या पोरींना घेऊन. जुनी पोती बेसच्या जागी मांडलेली. सत्काराची शाल बॅटांवर पांघरलेली, दव पडू नये म्हणून. मला रडायला आलं आणि त्यांनी मला पोतं उचलायला लावलं.

वर्षं गेली. माझं शिक्षण झालं, लातूरला नोकरी लागली, लग्न झालं, दात सगळे शाबूत राहिले. पिचरची बातमी कानावर यायची. राज्याच्या संघात खेळली, मग देशाच्या शिबिरात गेली, मग एका खात्यानं तिला नोकरीला घेतलं. खेळायचं आणि पगार घ्यायचा. तिला पाहिजे होतं ते मिळालं. अलीकडं खेळणं थांबवून ती त्याच संघाची मॅनेजर झाली होती. मला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाचा रागही यायचा.

गेल्या हिवाळ्यात तिच्या संघाची स्पर्धा लातूरला होती. एका संध्याकाळी दार वाजलं, उघडलं तर ही. ट्रॅकसूट, केस आखूड कापलेले, खांद्यावर दस्ती. मी आत ये म्हटलं. ती स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली आणि मी भाकऱ्या थापायला लागले, कारण हात रिकामे ठेवून तिच्याकडं बघणं मला जमेना.

तिनंच सुरुवात केली. त्याच दिवशी झालेल्या सामन्यात तिच्या संघातल्या पिचरनं दस्तीखाली तिची करंगळी धरली होती. मांडवात तिचे वरिष्ठ बसलेले. तिनं पोरीला काढलं, सामना गेला, आणि सगळ्यांसमोर तिला नको नको ते ऐकावं लागलं. ते ऐकताना तिला आपा दिसल्या.

"मी बी करंगळीच धरली व्हती," ती म्हणाली.

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. मग ओरडलीस कशाला, असं मी विचारलं, आणि इतक्या वर्षांचा राग आवाजात आला.

"आपांनीच सांगितलं. हात उचलंना, डोळ्यापुढं अंधारी. आपा खाली बघून हळूच म्हणल्या, 'आता भांड माझ्याशी. मोठ्यानं भांड. खुर्च्यांपर्यंत गेलं पाह्यजे.'"

निवड करणाऱ्यांना हात गेला असं कळलं असतं तर नाव कटलं असतं, आणि वडिलांचा शब्द तर सगळ्यांना माहीतच होता. म्हणून आपांनी चूक स्वतःवर घेतली. पोरगी ठीक आहे, कोच घाबरली, असं त्या मांडवाला वाटायला पाहिजे होतं, आणि तसंच वाटलं. लातूरहून आल्यावर शिबिरापर्यंतचे दिवस ती रोज आपांच्या घरी जायची. आपा डाव्या हातानं तिच्या खांद्याला तेल लावायच्या, गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकायच्या, आणि बॉलला हात लावू द्यायच्या नाहीत. हात वेळेत बरा झाला. आपांच्या हातून संघ गेला तेव्हा ती त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, मी सगळ्यांना खरं सांगते. आपांनी सांगितलं, हात तुझा, सौदा तुझा, पण खेळतेस तोवर नको. एकदा दुखरा हात म्हणून नाव पडलं की कुणी घेत नाही.

"आता खेळणं संपलं," ती म्हणाली. "म्हणून पयलं तुला सांगून राहिले. तू लई वर्षं बोलली न्हाईस गं."

मला रडू आलं आणि मी रडले. भाकरी करपली. तिनं ती तशीच खाल्ली.

त्या रविवारी आम्ही दोघी एसटीनं नांदेडला गेलो, सरळ मैदानावर. आपांचे केस पांढरे झालेत. आवाज तोच. नव्या पोरींचा घोळका होता आणि आपा एकीचं कोपर धरून वळवत होत्या. आम्हाला बघून त्यांनी आधी पिचरचा खांदा दाबून बघितला आणि मग मला म्हणाल्या, वजन वाढलंय, आता बसता येतं का प्लेटमागं? पोरी खिदळल्या. मी त्यांना सांगितलं, आपा, हिनं मला सगळं सांगितलं. आपांनी मान हलवली. "तिचा माल. तिनं उघडला. माझ्याकडनं न्हाई गेला."

एवढ्यावर थांबावं की नाही? पण माझं तोंड. मी विचारून बसले, आपा, तुमचा संघ काढून घेतला तेव्हा किती लागलं हो तुम्हाला?

पोरी बघायला लागल्या. पिचरनं मला चिमटा काढला. आपा आधी त्या पोरींकडं, मग माझ्याकडं बघत राहिल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मी चारचौघांत विचारलंय. पण त्या म्हणाल्या नाहीत, की काही नाही लागलं. त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली. ती विरून इतकी पातळ झाली होती की ऊन आरपार दिसत होतं, म्हणून त्यांनी तिची दुहेरी घडी केली आणि ती त्यांच्या आणि माझ्या हातांवर टाकली. इतकी वर्षं मी लांब उभी राहून त्या कापडाकडं बघत आले होते. खाली त्यांचा हात कोरडा आणि गरम होता. त्यांनी माझी बोटं शोधली आणि धरली. जरा वेळ धरून ठेवली. मग दस्ती उचलली, झटकली आणि त्या पोरींवर ओरडल्या, काय बघून राहिल्या, चला, पळा.

परतीच्या एसटीत पिचर माझ्या शेजारी बसली. लोहा गाव मागं पडल्यावर तिला राहवेना. माझ्या कानाशी येऊन तिनं विचारलं, "किती बोटं धरली गं?"

मी आयुष्यात पहिल्यांदा विचार करून बोलले. म्हटलं, "तुझं काम बॉल टाकायचं."